तिप्पट आणि वर थोडे: वर्तुळाच्या अभ्यासाची प्रस्तावना

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यात उतरले की मुख्य गाभाऱ्याच्या आधी अंगणात नंदीचा मंडप लागतो. लेणे आठव्या शतकातले, राष्ट्रकूट काळातले. मंडप गोल आहे, जागच्या खडकातून कोरलेला, आणि त्यावर उघड्या छत्रीसारखे जाड दगडी छप्पर आहे. या मंडपाला बाहेरून एक प्रदक्षिणा घालायची आणि मग मधोमध आरपार जायचे, असे दोन रस्ते मनात आखून पाहिले, तर प्रदक्षिणेचा रस्ता आरपार रस्त्याच्या तिप्पट भरतो आणि वर थोडे उरते. पाथरवटांनी मंडप दुप्पट रुंद कोरला असता तर दोन्ही रस्ते दुप्पट झाले असते, पण ‘तिप्पट आणि वर थोडे’ हे जसेच्या तसे राहिले असते. हातातल्या बांगडीला तेच लागू आहे, विहिरीच्या गोल काठाला तेच आणि पृथ्वीच्या विषुववृत्तालाही तेच. हे ‘वर थोडे’ नेमके किती, आणि ते सगळीकडे सारखेच का, हे दोन प्रश्न पुढच्या पानांचा विषय आहेत. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे, असे माझे म्हणणे आहे, आणि ही प्रस्तावना त्या म्हणण्याच्या समर्थनासाठी लिहिली आहे.

महाराष्ट्रात मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही तीन शब्द आठवतात. वर्तुळाच्या केंद्रापासून वर्तुळापर्यंतचे अंतर म्हणजे त्रिज्या. केंद्रातून जाऊन दोन्ही बाजूंना वर्तुळाला मिळणारी रेघ म्हणजे व्यास, म्हणून तो त्रिज्येच्या दुप्पट. आणि वर्तुळाच्या कडेची पूर्ण लांबी म्हणजे परीघ. चौथी गोष्ट म्हणून ‘पाय बरोबर बावीस सप्तमांश’ हे पाठ असते; पाय म्हणजे परिघाला व्यासाने भागून येणारी संख्या. बहुतेकांच्या मनात वर्तुळ इथेच संपते. यात दोन चुका एकमेकींत गुंतल्या आहेत. एक म्हणजे संबंध बाजूला पडून संख्या पुढे आली. परीघ आणि व्यास यांच्यात काही कायमचे नाते आहे, हे आश्चर्य कोणाला वाटेनासे झाले. दुसरी अशी, की ती संख्याही बरोबर नाही, जवळची आहे, आणि ती किती जवळची आहे हे सांगण्याची जबाबदारी कोणी घेत नाही. या दोन्ही चुका आपल्या पूर्वीच्या ग्रंथांत नव्हत्या. त्यांतला एक ग्रंथ पुण्यातच छापला गेला आहे. त्याच्याकडे वळण्याआधी मुळात हे नाते का आहे ते पाहू.

कंपासपेटी हाती आलेले प्रत्येक मूल एक फूल काढते. वर्तुळ काढायचे, कंपासाचे तोंड तेवढेच उघडे ठेवून टोक वर्तुळावर टेकवायचे, कंस मारायचा, कंस जिथे वर्तुळाला छेदतो तिथे पुन्हा टोक टेकवायचे. सहा वेळा असे केले की आपण सुरुवातीच्या बिंदूवर परत येतो आणि सहा पाकळ्यांचे फूल तयार होते. मुले ते रंगवतात आणि पुढच्या पानावर जातात. त्या फुलात अर्धी भूमिती आहे. पाकळ्यांची सहा टोके सरळ रेघांनी जोडली तर षट्कोन मिळतो आणि त्याची प्रत्येक बाजू त्रिज्येएवढी असते. म्हणजे षट्कोनाची परिमिती सहा त्रिज्या, अर्थात तीन व्यास. वर्तुळाची कडा प्रत्येक दोन टोकांमध्ये या सरळ बाजूच्या बाहेरून वळसा घेऊन जाते, म्हणून परीघ तीन व्यासांपेक्षा जास्त असलाच पाहिजे. आता वर्तुळाला चारही बाजूंनी टेकणारा चौरस काढा. त्याची परिमिती चार व्यास, आणि वर्तुळ त्याचे कोपरे टाळून आतून जाते, म्हणून परीघ चार व्यासांपेक्षा कमी. एकही सूत्र न वापरता इतके हाती आले. शिवाय हा सारा युक्तिवाद वर्तुळाच्या आकारमानाबद्दल एक अक्षरही बोलत नाही. नकाशा मोठा केला की त्यातली प्रत्येक लांबी सारख्याच पटीने वाढते, सरळ रेघाही आणि वाकड्याही. सर्व वर्तुळे ही एकाच वर्तुळाची लहानमोठी चित्रे आहेत. परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर कायम राहते ते यामुळे. अंडाकृती आकार गोलसरही असतात आणि लांबटही, त्यामुळे त्यांना असे एकच गुणोत्तर नाही. वर्तुळ मात्र एकाच तऱ्हेचे असते.

हे नाते खरोखर समजले आहे की नाही, याची कसोटी बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात घेता येते. चारशे मीटरच्या शर्यतीत बाहेरच्या पट्ट्यांतले धावपटू पुढून सुटतात. वळण मोठे असेल तर हे अंतर जास्त ठेवावे लागेल, असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. धावपट्टीची दोन वळणे मिळून एक पूर्ण वर्तुळ होते, आणि एक पट्टी बाहेर सरकले की त्या वर्तुळाची त्रिज्या १.२२ मीटरने वाढते. परिघातली वाढ त्रिज्येतल्या वाढीच्या ६.२८३२ पट, म्हणजे ७.६७ मीटर. मूळ वळण किती मोठे होते हा प्रश्न या हिशोबात येतच नाही. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वळणाची त्रिज्या ३६.५ मीटर असते, पण ती ५० असती तरी ७.६७ मीटर हा आकडा हलला नसता. फक्त दुसऱ्या पट्टीसाठी हे अंतर ७.०४ मीटर येते, कारण पहिल्या पट्टीची आतली कडा उंच असल्याने तिथले अंतर कडेपासून ३० सेंटिमीटरवर मोजतात आणि पुढच्या पट्ट्यांत रेघेपासून २० सेंटिमीटरवर. ज्याला केवळ सूत्र पाठ आहे तो प्रत्येक पट्टीचा परीघ वेगळा काढून वजाबाकी करेल. ज्याला नाते कळले आहे तो एका गुणाकारात मोकळा होईल, आणि तोच हिशोब पृथ्वीलाही लावेल. विषुववृत्ताभोवती घट्ट बसलेल्या दोरीत एक मीटरची भर घातली, तर ती सगळीकडून जवळजवळ १६ सेंटिमीटर वर उचलली जाईल. चेंडूभोवतीची दोरी एक मीटर वाढवली तरीही तितकीच.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. कारागिरांनी हजारो वर्षे चाके केली, भांडी घडवली, विहिरी बांधल्या. त्यांना पाय नावाची संख्या कुठे ठाऊक होती? बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवणारा लोहार पट्टीची लांबी काढायला गुणाकार करत नाही. चाकावर एक खूण करून ते जमिनीवरून एक पूर्ण फेरी फिरवले की परीघ समोर मिळतो. हे खरे आहे, पण त्याच कामात पुढे काय होते ते पाहावे. धाव चाकाच्या परिघापेक्षा मुद्दाम थोडी आखूड ठेवतात, तापवून लाल करतात, फुललेली धाव चाकावर बसवतात आणि वर पाणी ओततात; निवताना ती आवळते आणि आरे, तुंबा, पुठ्ठे सगळ्यांना एकत्र धरून ठेवते. दीड मीटर व्यासाच्या चाकाचा परीघ ४.७१ मीटर. लोखंड दर शंभर अंशांना मीटरमागे सुमारे १.२ मिलिमीटर वाढते, म्हणजे पाचशे अंशांनी तापवल्यावर धावेची लांबी सुमारे २८ मिलिमीटरने वाढते. पण चाकावर बसण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा तो व्यास, आणि व्यास वाढतो जेमतेम ९ मिलिमीटरने. लांबीत बोटभर वाढ झाली तरी चाकाच्या कडेशी दोन्ही बाजूंना मिळणारी फट फक्त साडेचार मिलिमीटरची. धाव किती आखूड करायची याचा अंदाज चुकला तर एक तर ती चढणार नाही, नाही तर चढून सैल राहील. हा अंदाज म्हणजेच परीघ आणि व्यास यांचे नाते. लोहाराच्या हातात ते असते, आकड्यात नसते इतकेच. आणि चाक समोर नसेल, ते अजून व्हायचे असेल, तेव्हा फिरवून मोजायला काही नसते. पुण्याच्या तांबट आळीत पत्र्यापासून बंबाचे नळकांडे वळवायचे असेल, तर पत्रा आधी कापावा लागतो. ३० सेंटिमीटर व्यास हवा असताना ‘तिप्पट’ म्हणून सांध्याखेरीज ९० सेंटिमीटर पत्रा कापला, तर भांडे साडेअठ्ठावीस सेंटिमीटरच्या आसपास येईल आणि तीसचे झाकण त्यावर डगडगेल. ‘वर थोडे’ म्हणजे किती हा प्रश्न त्या वेळी प्रत्यक्ष सव्वाचार सेंटिमीटर तांब्याचा असतो.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त या प्रश्नाचे एक उत्तर दिले नाही, दोन दिली. शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ हे त्यांचे जन्मवर्ष. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला आणि ‘लीलावती’ हा त्याचा अंकगणित-भूमितीचा भाग मानला जातो. त्यांचा नियम असा: व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागले की सूक्ष्म परीघ मिळतो, २२ ने गुणून ७ ने भागले की स्थूल मिळतो, आणि हा स्थूल परीघ व्यवहाराला योग्य असतो. नियमाखाली उदाहरण आहे ते व्यास ७ असलेल्या वर्तुळाचे. स्थूल उत्तर सरळ २२ आणि सूक्ष्म उत्तर २१ पूर्णांक १२३९/१२५०. उदाहरण निवडण्यामागची दृष्टी पाहण्यासारखी आहे. व्यास ७ घेतल्यामुळे सोपे उत्तर पूर्णांकात येते आणि त्याच्या शेजारी ठेवलेले काटेकोर उत्तर त्याच्यापेक्षा किंचित कमी असल्याचे लगेच दिसते. बावीस सप्तमांश खऱ्यापेक्षा जास्त भरतो, हे विद्यार्थ्याला न सांगता दाखवले आहे. पुढे खगोलाच्या भागात पृथ्वीचा परीघ ४९६७ योजने आणि व्यास १५८१ पूर्णांक एक चोविसांश योजने दिला आहे; भागाकार करून पाहिला तर तिथे ३.१४१६ हेच गुणोत्तर मिळते, बावीस सप्तमांश नव्हे. जिथे स्थूल पुरते तिथे स्थूल, जिथे आकडा मोठा आणि पुढच्या गणिताचा पाया व्हायचा तिथे सूक्ष्म. स्वतःचा नियम भास्कराचार्यांनी स्वतः पाळला आहे.

आपल्या ‘त्रिज्या’ या शब्दात त्याच गणिताचा एक अवशेष शिल्लक आहे. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा तुकडा हे धनुष्य, म्हणून चाप. त्याची दोन टोके जोडणारी रेघ ही दोरी. आणि चापाच्या मध्यापासून दोरीपर्यंतचे अंतर हा शर. ज्योतिषाचे गणित करणाऱ्यांनी पुढे अर्ध्या दोरीलाच ज्या म्हटले. राशिचक्राच्या बारा राशींपैकी तीन राशी म्हणजे वर्तुळाचा चौथा हिस्सा, आणि तीन राशींची ज्या केंद्रापासून कडेपर्यंतच्या अंतराएवढी भरते. तीच त्रिज्या. या गणितात वर्तुळाचा परीघ २१६०० कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) धरत आणि त्रिज्याही त्याच कलांत मोजत: ३४३८ कला. वाकडी लांबी आणि सरळ लांबी एकाच मापाने मोजायची, ही कल्पना या आकड्यात गृहीत आहे. आज विज्ञानाच्या विद्यार्थ्याला रेडियन शिकवतात तेव्हा ५७.३ अंश हा आकडा त्याला परका वाटतो. तो कलांत लिहिला तर ३४३८ च होतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: बावीस सप्तमांशाने काम चालते, मग सूक्ष्माचा हट्ट कशाला? काम कुठे चालते आणि कुठे नाही, याचा हिशोब करू. बावीस सप्तमांशाची चूक साधारण अडीच हजारांत एक इतकी आहे. धावेच्या उदाहरणात ती दोन मिलिमीटरही होत नाही, आणि तापलेल्या लोखंडाच्या २८ मिलिमीटर वाढीत खपून जाते. भास्कराचार्यांचा ‘व्यवहारयोग्य’ हा शब्द इथे अक्षरशः खरा ठरतो. आता नारायणगावजवळ खोडदच्या परिसरातल्या विशाल रेडिओ दुर्बिणीची एक तबकडी घ्या, तिचा व्यास ४५ मीटर. तिच्या कडेची लांबी बावीस सप्तमांशाने काढली तर पावणेसहा सेंटिमीटर जास्त येईल. ३९२७/१२५० ने काढली तर चूक मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढी. पृथ्वीच्या १२७४२ किलोमीटर व्यासावर पहिली चूक १६ किलोमीटर होते, दुसरी शंभर मीटरांच्या आत राहते. म्हणून सर्वांनी नेहमी सूक्ष्मच वापरावे, असे मी म्हणत नाही. वापरणाऱ्याला आपल्या हातातले माप किती चुकते ते ठाऊक असावे, एवढेच म्हणणे आहे. वहीत ‘बरोबर’चे चिन्ह घालून बावीस सप्तमांश लिहिला की हे ठाऊक होण्याची वाट बंद होते. पाठ्यपुस्तके ‘सुमारे’ म्हणतात, पण वर्गात आणि परीक्षेत तो शब्द गळून पडतो, आणि मुलांच्या मनात एक अपूर्णांक म्हणजेच पाय अशी गाठ बसते ती अनेकदा जन्मभर सुटत नाही.

आता ३९२७ आणि १२५० आले कुठून? ‘लीलावती’च्या मूळ श्लोकात त्याचे कारण नाही, आणि भारतीय गणितात नियम होते पण सिद्धता नव्हत्या, हा जुना आरोप अशाच ठिकाणी बोट ठेवून केला जातो. मूळ ग्रंथ पाठ करण्यासाठी आणि कारण टीकेसाठी, ही त्या परंपरेतली कामाची वाटणी होती. कारणाला उपपत्ती म्हणत. कोकण किनाऱ्यावरच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि तिच्यात या नियमाची उपपत्ती दिली. रीत अशी की वर्तुळाच्या आत षट्कोन बसवायचा आणि त्याच्या बाजू दुप्पट करत जायच्या: १२, २४, ४८, ९६, १९२, ३८४. व्यास १०० धरू. षट्कोनाची बाजू ५०, तिचा अर्धा २५. ५० च्या वर्गातून २५ चा वर्ग वजा केला की १८७५, त्याचे वर्गमूळ ४३.३०, ते ५० मधून वजा केले की शर ६.७० येतो. अर्धी बाजू २५ आणि शर ६.७० या भुज-कोटी धरून कर्ण काढला की २५.८८. ही बारा बाजूंच्या आकृतीची एक बाजू, आणि बारा बाजू मिळून ३१०.५८. ज्या प्रमेयाला आपण पायथागोरसचे म्हणतो त्याच्यापलीकडे यात काही नाही. हीच कृती पुन्हा केली की २४ बाजूंना ३१३.२६, ४८ बाजूंना ३१३.९४, ९६ ला ३१४.१०, १९२ ला ३१४.१५ आणि ३८४ बाजूंना ३१४.१६. या आकड्यांकडे थोडा वेळ पाहत राहावे. पहिल्या दुपटीला दहापेक्षा जास्त भर पडली, दुसरीला पावणेतीनच्या आसपास, तिसरीला पाऊणपेक्षा कमी. प्रत्येक खेपेला मागच्या भरीच्या साधारण चौथा हिस्सा. आकृती वर्तुळाला चिकटत जाते आहे हे डोळ्यांना दिसते, आणि अजून किती बाकी असेल याचाही अदमास त्याच आकड्यांतून येतो. कंपासाच्या फुलापासून सुरू झालेली वाट सहा पायऱ्यांत ३.१४१६ पाशी पोहोचते, आणि मधली प्रत्येक पायरी चौकस विद्यार्थ्याला वर्गमुळे काढून स्वतः चढता येते.

या उपपत्तीला मी फार किंमत देतो, म्हणूनच तिच्या मर्यादा लपवणे मला मान्य नाही. आतल्या बहुभुजाची परिमिती परिघापेक्षा नेहमी थोडी कमीच राहते, आणि ३९२७/१२५० हे गुणोत्तर खऱ्यापेक्षा किंचित जास्त आहे. दोन्ही चौथ्या दशांश स्थळापर्यंत जुळतात, त्यापुढे नाही. गणेश दैवज्ञांनी भास्कराचार्यांनंतर जवळजवळ चारशे वर्षांनी लिहिले, म्हणून मूळ शोध याच रीतीने लागला असे त्यावरून सिद्ध होत नाही. हे गुणोत्तर मुळात भास्कराचार्यांचेही नाही. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये २०००० व्यासाला ६२८३२ परीघ सांगितला. दोन्ही आकड्यांना १६ ने भागले की १२५० आणि ३९२७ मिळतात. ग्रीक गणिती आर्किमिडीज यांनी तर त्याच्या सातशे वर्षे आधी ९६ बाजूंचा बहुभुज वर्तुळाच्या आतही बसवला आणि बाहेरूनही, आणि परीघ व्यासाच्या तीन पूर्णांक दहा एकाहत्तरांश पट व तीन पूर्णांक एक सप्तमांश पट यांच्या दरम्यान असल्याचे दाखवले. बावीस सप्तमांश हा त्यांचा वरचा बांध होता. खालून आणि वरून दोन्हीकडून कोंडणे हे आतूनच जवळ जाण्यापेक्षा अधिक पक्के, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. ‘आपल्याकडे सगळे आधीच होते’ असे म्हणणाऱ्यांना आणि ‘आपल्याकडे काहीच नव्हते’ असे म्हणणाऱ्यांना या प्रकरणात एकच गोष्ट करावी लागेल: ग्रंथ उघडून गणित करून पाहावे लागेल. त्यासाठी लांब जावे लागत नाही. महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापन केलेल्या पुण्याच्या आनंदाश्रमाने १९३७ मध्ये ‘लीलावती’ गणेश दैवज्ञांच्या ‘बुद्धिविलासिनी’सह आणि महीधराच्या विवरणासह प्रसिद्ध केली, नियम आणि उपपत्ती एकाच पुस्तकात, समोरासमोर. ना. ह. फडके यांचे ‘लीलावती पुनर्दर्शन’ १९७१ पासून मराठीत आहे. तरीही ‘लीलावती’ म्हटले की मराठी माणसाला घटिकापात्रात पडलेला मोती आणि टळलेला विवाहमुहूर्त आठवतो, जी कथा १५८७ च्या फैजीच्या फारसी भाषांतरातून आली. ३८४ बाजूंचा बहुभुज मात्र आठवत नाही. हे मला मनापासून खटकते.

आणखी एक आक्षेप आजच्या काळाचा आहे. गणनयंत्राचे बटण दाबले की दहा दशांश स्थळे मिळतात, मग स्थूल-सूक्ष्माची चर्चा जुनी झाली नाही का? उलट ती आता जास्त गरजेची झाली आहे, कारण पडद्यावरचे दहा आकडे पाहून तेच पूर्ण उत्तर असल्याचा भास होतो. आर्यभटाने आपल्या आकड्याला आसन्न म्हटले होते, म्हणजे जवळचा. केरळच्या नीलकंठ सोमयाजींनी त्या एका शब्दावर थांबून विचारले, खरा आकडा सोडून जवळचा का सांगितला? आणि उत्तर दिले की ज्या मापाने व्यास पूर्ण मोजला जातो त्याच मापाने परीघ मोजला तर काही ना काही शिल्लक राहतेच; माप कितीही बारीक केले तरी शिल्लक लहान होते, संपत नाही. याची पक्की सिद्धता युरोपातले गणिती लांबर्ट यांनी अठराव्या शतकात दिली. नीलकंठांच्या आधी त्याच परंपरेतल्या माधवांनी बहुभुज सोडून अनंत पदांची बेरीज मांडली होती आणि गुणोत्तर अकराव्या दशांश स्थळापर्यंत नेले होते. पुढे आकडे वाढत गेले, यंत्रांनी ते कोट्यवधींपर्यंत नेले. त्यात मी इथे शिरत नाही. ‘किती स्थळे’ या प्रश्नापेक्षा ‘शिल्लक का उरते’ हा प्रश्न मोठा आहे, आणि तो ‘आसन्न’ या एका शब्दातून सुरू झाला. बटण दाबून मिळालेला आकडाही आसन्नच असतो.

गणेश दैवज्ञांच्याच आयुष्यात या साऱ्या वादाचे उत्तर मला दिसते. ‘बुद्धिविलासिनी’च्या पंचवीस वर्षे आधी, १५२० मध्ये, त्यांनी ‘ग्रहलाघव’ लिहिला. पंचांग करणाऱ्याचे कष्ट कमी व्हावेत म्हणून त्यात ज्या आणि चाप यांचे किचकट गणित टाळून सोप्या रीती दिल्या, आणि त्या इतक्या सोयीच्या ठरल्या की महाराष्ट्रात पंचांगे शतकानुशतके त्या ग्रंथावरून होत राहिली. ज्यांनी व्यवहारासाठी ज्या-चाप बाजूला ठेवले, त्यांनीच उपपत्तीसाठी ३८४ बाजूंपर्यंत वर्गमुळे काढली. सोपे करून द्यायचे, आणि सोपे कशावर उभे आहे तेही सांगायचे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा १८९६ चा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ वाचणाऱ्याला ‘ग्रहलाघव’ची थोरवी समजते, ‘बुद्धिविलासिनी’ त्याच्याशेजारी ठेवून वाचली की तो सोपेपणा किती विचारपूर्वक होता तेही कळते.

पुढच्या पानांचा क्रम याच विचारातून ठरला आहे. पाय हे चिन्ह तिसऱ्या प्रकरणापर्यंत येत नाही. पहिल्या प्रकरणात फक्त दोरा, पट्टी आणि घरातल्या गोल वस्तू आहेत: पोळपाट, परात, डब्याचे झाकण. प्रत्येकीचा परीघ आणि व्यास मोजून दोन रकाने भरायचे आणि तिसऱ्या रकान्यात भागाकार लिहायचा. उत्तरे ३.१ आणि ३.२ यांच्या आसपास येतील, एकसारखी येणार नाहीत. ती खोडून ३.१४ लिहू नयेत. दुसरे प्रकरण कंपासाच्या फुलापासून सुरू होते आणि वाचकाने बारा बाजूंपर्यंतचे गणित स्वतः केल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्यासाठी कागद, पेन्सिल आणि साधारण अर्धा तास लागेल. व्यास १०० घ्यावा, म्हणजे उत्तर ३१०.५८ आले की नाही ते लगेच ताडून पाहता येईल.